ओल्या फडक्याची अर्धी साक्ष

२०२३ च्या एप्रिलमध्ये, अक्षय्य तृतीयेच्या आदल्या दिवशी, आम्ही दोघे परभणीहून पाथरीजवळच्या आमच्या गावी निघालो होतो. मानवतच्या अलीकडे एका रसवंतीवर गाडी उभी केली, एकेक ग्लास रस घेतला, फोनवर मेव्हण्यांशी जरा लांबलेले बोलणे उरकले आणि वीसेक मिनिटांनी किल्ली फिरवली. सेल्फ नेहमीच्या जोमाने फिरला, पण इंजिनाने पेट घेतला नाही. पुन्हा फिरवली, तिसऱ्यांदा फिरवली. सेल्फ थकला नाही आणि इंजिनही बधले नाही.

अशा प्रसंगी आपल्याकडे माणसे जमायला वेळ लागत नाही. रसवंतीवाल्याने पहिले निदान सांगितले, "बॅटरी उतरली असंल, काका." ते बरोबर नव्हते, कारण बॅटरी उतरलेली गाडी टक-टक करते किंवा सेल्फ रडत-रडत फिरतो, येथे तो खणखणीत फिरत होता. उसाची मोळी उतरवणाऱ्या ट्रॅक्टरवाल्याने "हवा धरली बगा, पंप मारून हवा काढावी लागंल," असे सांगितले. डिझेलच्या ट्रॅक्टरला ते लागू पडते, कारण तेथे नळीत हवा शिरली की इंजिनात इंधन फवारणाऱ्या इंजेक्टरपर्यंत दाबच पोहोचत नाही. माझी गाडी मात्र २००९ सालची, चार सिलिंडरची पेट्रोल गाडी आहे आणि तिच्या टाकीतला विजेचा पंप नळीतली हवा आपोआप पुढे ढकलून देतो. तिघांनी मिळून धक्काही मारला. धक्का हे दुबळ्या सेल्फवरचे औषध आहे. ज्या इंजिनाला सेल्फ व्यवस्थित फिरवतोच आहे, त्याला धक्क्याने वेगळे काही मिळत नाही. पण मदतीला आलेल्या माणसांना हे ऐकवणे मला जमले नाही.

शेवटी जुन्या जीपवर आयुष्य काढलेले एक वृद्ध गृहस्थ पुढे आले. उन्हाने नळीतल्या पेट्रोलची वाफ झाली असेल, ओले फडके टाका, असे त्यांनी सांगितले. कार्ब्युरेटरच्या गाड्यांत ही गोष्ट खरोखर घडत असे. रसवंतीवाल्याने माठाजवळचे ओले पोते दिले, ते आम्ही इंजिनावर अंथरले, आणि पाऊण तासाने किल्ली फिरवताच गाडी काहीही न झाल्यासारखी चालू झाली. सर्व श्रेय पोत्याला मिळाले. ते गाडीला लागू पडले की केवळ पाऊण तास निघून गेला म्हणून गाडी चालू झाली, हा प्रश्न त्या वेळी मला सुचला नाही. तीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवलेल्या माणसाला तो सुचायला हवा होता, हे मी प्रांजळपणे लिहून ठेवतो.

परभणीला परतल्यावर गाडी एका गॅरेजात दाखवली. तेथे ती अर्थातच पहिल्या हाताला चालू झाली. मिस्त्रीने दोन दिवस ठेवून घेतली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी फेरी मारून आल्यावर ती त्याच्यासमोरही बंद पडली. त्याने प्लग काढून पाहिले. इतका वेळ सेल्फ मारूनही प्लग कोरडेठाक होते. मग त्याने रेलकडे, म्हणजे इंजेक्टरांना पेट्रोल वाटणाऱ्या नळकांडीकडे, जाणारी पेट्रोलची नळी सैल केली, हेल्परला सेल्फ मारायला सांगितला, आणि नळीतून पेट्रोल जेमतेम ठिबकले. प्लग कोरडे आणि नळीही रिकामी, म्हणजे पंप गेला, हा त्याचा निष्कर्ष वरवर पाहता चुकीचा म्हणता येणार नाही. नवा पंप, फिल्टर आणि मजुरी मिळून ४,८०० रुपये झाले. जुना पंप मी मागून घेतला. बदललेला सुटा भाग दुकानात सोडून यायचा नाही, ही माझ्या वडिलांची सवय मला आहे आणि या कामात ती उपयोगी पडली.

नऊ दिवस गाडी बरी चालली. दहाव्या दिवशी, वसमत रस्त्यावरच्या एका लग्नाहून निघताना, मंगल कार्यालयाच्या दारात तिने पुन्हा तोच खेळ केला.

त्या संध्याकाळी मी एक वही घातली. गाडी केव्हा बंद पडली, त्याआधी किती चालली होती, किती वेळ उभी होती, ऊन कसे होते आणि किती वेळाने चालू झाली, एवढेच त्यात लिहायचे. मे महिना संपेपर्यंत सात नोंदी झाल्या आणि त्यांतून एक चित्र स्पष्ट दिसू लागले. सकाळी थंड इंजिनावर ती एकदाही अडली नव्हती. पेट्रोल भरून दोन-तीन मिनिटांत निघालो, तर तेव्हाही अडली नव्हती. ती अडत होती ती चांगली तापून दहा ते चाळीस मिनिटे उभी राहिल्यानंतरच. याचे कारण समजण्यासारखे आहे. इंजिन चालू असताना पाणी खेळते, पंखा फिरतो, समोरून वारा येतो. इंजिन बंद केले की हे सारे थांबते, पण लोखंडात साठलेली उष्णता तशीच असते, आणि बॉनेटखालचा भाग काही काळ पूर्वीपेक्षाही जास्त तापतो. परभणीच्या मे महिन्यात, जेथे पारा ४२ च्या खाली उतरायला तयार नसतो, तेथे तर विचारायलाच नको.

म्हणजे काहीतरी तापल्यावर दगा देत होते. पण काय? याचे उत्तर गाडी अडलेली असतानाच मिळणार होते. चालू गाडीवर केलेली तपासणी म्हणजे ताप उतरल्यावर थर्मामीटर लावणे होय, आणि आतापर्यंत आम्ही बहुतेक वेळ तेच केले होते. म्हणून मी उलट वाट धरली आणि गाडी मुद्दाम बंद पाडायची ठरवली. माझा पुतण्या आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनचा कोर्स करतो. त्याचा मल्टिमीटर, दोन वायरी जोडलेला बारा व्होल्टचा बल्ब आणि एक जादा प्लग एवढे साहित्य घेऊन आम्ही एका रविवारी भर दुपारी तासभर गाडी फिरवली, घरी आणली आणि बॉनेट न उघडता पंधरा मिनिटे थांबलो. गाडी अडली. ती अडल्याचा आनंद मला आयुष्यात प्रथमच झाला.

पहिल्यांदा बॅटरी पाहिली. उभ्या गाडीवर १२.५ व्होल्ट आणि सेल्फ फिरत असताना १०.३. हे पाहणे आवश्यक असते, कारण कधी कधी बॅटरी सेल्फ फिरवण्यापुरती असते, पण त्या ओढीत विजेचा दाब इतका घसरतो की गाडीचा ईसीएम, म्हणजे इंजिन चालवणारा संगणक, नीट काम करत नाही. सेल्फ फिरत असताना साडेनऊच्या वर दाब राहिला, तर सहसा बॅटरीला दोष देता येत नाही. किल्ली 'ऑन' केल्यावर इंजिनाचा पिवळा दिवा लागत होता, म्हणजे ईसीएमला वीज मिळत होती; किल्लीच्या चित्राचा दिवा लागून विझत होता, म्हणजे चोरीपासून बचाव करणारी यंत्रणा गाडी अडवत नव्हती. सेल्फचा आवाजही आम्ही कान देऊन ऐकला. टायमिंग बेल्ट तुटलेला असला, तर इंजिन हलके होऊन एकसुरी आणि भरभर फिरते. आमच्या इंजिनात प्रत्येक दाबाला येणारा ठोका व्यवस्थित ऐकू येत होता.

मग मागच्या सीटवर कान टेकवून पुतण्याला किल्ली 'ऑन' करायला सांगितली. दोन सेकंद पंपाची बारीक गुणगुण आली आणि थांबली. ही गुणगुण ऐकली आणि ४,८०० रुपयांविषयी मला पहिली शंका आली. किल्ली 'ऑन' होताच ईसीएम पंप दोन सेकंद चालवून नळीत दाब तयार ठेवतो आणि नंतर बंद करतो. इंजिन फिरत असल्याची वर्दी त्याला मिळाली, तरच तो पंप पुन्हा चालू करतो. अपघातात इंजिन थांबल्यावर पेट्रोल वाहत राहू नये, हा यामागचा हेतू आहे. मिस्त्रीच्या हेल्परने सेल्फ मारला तेव्हा पेट्रोल ठिबकले, ते पंप मेला होता म्हणून की त्याला हुकूमच मिळाला नव्हता म्हणून?

पंपाचा रिले, म्हणजे ईसीएमच्या हुकमाने पंपाची वीज जोडणारा स्विच, काढून त्याच्या खाचेतल्या ३० आणि ८७ क्रमांकाच्या टोकांमध्ये फ्यूज घातलेला वायरीचा तुकडा जोडला, तेव्हा पंप सलग चालू लागला आणि रेलमध्ये दाब भरला. गाडी तरीही चालू झाली नाही. मग वायरीचा तुकडा काढून रिले जागेवर बसवला, इंजेक्टरचे कपलर सोडवून ठेवले, जादा प्लग ठिणगीसाठी विजेचा दाब वाढवणाऱ्या कॉईलला जोडून त्याची धातूची बाजू इंजिनाच्या अंगाला पक्क्या चिमट्याने लावली आणि सेल्फ मारला. ठिणगी नाही. (हा प्लग हातात धरून पाहणारे महाभाग मी पाहिले आहेत. तसे करू नये. कॉईलचा दाब हजारो व्होल्टचा असतो आणि आसपास पेट्रोल सांडलेले असेल तर आग लागते.) शेवटी इंजेक्टरच्या कपलरमध्ये पुतण्याने मीटर लावला, एका टोकाला बारा व्होल्ट कायम होते, पण दुसऱ्या टोकाला ईसीएमकडून येणारा तुटक-तुटक संकेत नव्हता.

येथे आम्ही दोघे अंगणातल्या बाजेवर बसून थोडा विचार केला. ठिणगी नव्हती, पेट्रोलचा फवारा नव्हता आणि सेल्फ मारताना पंपही चालत नव्हता. तीन वेगवेगळी कामे एकाच क्षणी बंद पडतात आणि एकाच क्षणी सुरू होतात, तर तिन्ही भाग एकदम बिघडले असे मानण्यापेक्षा या तिघांना हुकूम देणाऱ्याकडेच वर्दी पोहोचत नाही, असे मानणे सयुक्तिक होते. सेल्फ मारताना डॅशबोर्डवरचा आरपीएमचा काटा किंचित हलायला हवा. तो शून्यावर चिकटून होता, हे पुतण्याच्या लक्षात आले. एवढे दिवस तो काटा माझ्या डोळ्यांसमोर होता.

इंजिन फिरत असल्याची वर्दी देतो तो क्रँक सेन्सर. आमच्या गाडीत तो गिअरबॉक्सच्या तोंडाशी, फ्लायव्हीलजवळ, म्हणजे इंजिनाबरोबर फिरणाऱ्या जड चाकाजवळ, बसवलेला आहे. फ्लायव्हीलवरच्या दातेरी कड्याला साठ दातांची जागा असून दोन दात मुद्दाम गाळलेले असतात. प्रत्येक दात सेन्सरसमोरून गेला की त्यातल्या चुंबकाभोवतीच्या तारेच्या वेटोळ्यात बारीकसा विद्युतसंकेत उठतो, आणि गाळलेल्या दातांची फट समोर आली की पिस्टन नेमके कोठे आहेत ते ईसीएमला कळते. हा संकेत नसला, तर ईसीएमच्या दृष्टीने इंजिन उभेच असते, मग सेल्फ कितीही फिरो.

सेन्सरपर्यंत एअर फिल्टरची नळी काढल्यावर हात पोहोचत होता. मला रसवंतीवरचे पोते आठवले. चांगले भिजवलेले फडके सेन्सरभोवती गुंडाळले, चार मिनिटे थांबलो आणि किल्ली फिरवली. गाडी चालू झाली. एरवी अर्धा-पाऊण तास घेणारी गाडी चार मिनिटांत चालू झाल्यावर शंकेला जागा उरली नाही, असे आम्हा दोघांनाही वाटले. ही चूक कोठे होती ते पुढे येईल.

दुसऱ्या दिवशी जिंतूर रस्त्यावरच्या एका जुन्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेलो. त्यांना सगळे चाचा म्हणतात. चाचांनी वही वाचली, दोनदा "हां" म्हणाले आणि स्कॅनर लावून सेल्फ मारला. गाडी त्या वेळी अडलेली नसल्याने २२०-२३० आरपीएम दिसले. क्रँक सेन्सरच्या बिघाडासाठी पी ०३३५ हा कोड असतो. तो नोंदलेला नव्हता. मी थोडा खट्टू झालो, तर चाचा म्हणाले, "सर, कोड कसा येईल? सिग्नल पूरा बंद असला तर ईसीएमच्या लेखी इंजिन फिरलंच नाही. उभ्या इंजिनाची तक्रार तो कशाला लिहील?" सगळ्या गाड्यांत असे नसते, काही गाड्यांत वरच्या, झडपांच्या दांड्याची फिरत सांगणाऱ्या कॅम सेन्सरवरून ईसीएमला विसंगती कळते आणि कोड येतो. पण कोड नाही म्हणून सेन्सर निर्दोष आहे, असे मानायचे नाही, हे मी त्या दिवशी शिकलो.

चाचांनी सेन्सर काढून मीटर लावला. ५६० ओहम भरले, आणि या जातीच्या सेन्सरला ते शोभणारे होते. "थंडा आहे तोवर बरोबरच दाखवणार," असे म्हणत त्यांनी नवा सेन्सर बसवला. १,६५० रुपये झाले. जुना सेन्सर मी कागदात गुंडाळून घरी आणला.

ही जूनच्या शेवटच्या आठवड्यातली गोष्ट. त्या वर्षी मृग पूर्ण कोरडा गेला होता आणि आमच्याकडे पाऊस उतरला तो नेमका याच सुमारास. जुलैत तर चांगली झड लागली. गाडी एकदाही अडली नाही आणि मी वहीत शेवटची नोंद लिहून तिच्यावर रेघ ओढली. हवा थंड झाली म्हणून गाडी अडत नसेल, हा विचार कोणाच्याच मनात आला नाही. आम्ही सेन्सर बदलला त्याच आठवड्यात आभाळानेही हवा बदलली होती, आणि दोन गोष्टी एकाच वेळी बदलल्या की गुण कोणाचा ते सांगता येत नाही, हा नियम मी नववीच्या वर्गाला दरवर्षी फळ्यावर लिहून देत असे.

त्यानंतर ऑगस्ट आला. २०२३ चा ऑगस्ट हा १९०१ पासूनच्या नोंदींतला देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. मराठवाड्यात सोयाबीन उभ्याने माना टाकत होते आणि दुपारी उन्हाळ्यासारखी धग लागत होती. त्यातच अधिक श्रावण चालू होता. धोंड्याच्या महिन्यात लेक-जावयाला जेवायला आणायचे, म्हणून मी सेलूला गेलो, त्यांना घेऊन निघालो आणि वाटेत जावईबापूंना चहा पाजावा म्हणून थांबलो. पुढचे सांगायला नको. जावईबापू रस्त्याकडेला बाभळीच्या सावलीत अर्धा तास उभे होते; ते एका शब्दाने काही बोलले नाहीत, पण सासऱ्याच्या गाडीविषयी त्यांचे मत झाले ते झालेच. काटा शून्यावर होता.

चाचांकडे दुसऱ्यांदा गेलो तेव्हा ते चिडले नाहीत, हे त्यांचे मोठेपण. "नवा सेन्सर खराब निघू शकतो," असे ते म्हणाले, पण त्यांचा स्वतःचाच त्यावर विश्वास बसत नसल्याचे दिसत होते. या वेळी त्यांनी सेन्सरकडे पाहिलेच नाही. त्यांनी बॅटरीची निगेटिव्ह तार सोडली, डाव्या सीटसमोरच्या खणामागचा ईसीएम खाली ओढला, त्याचे मोठे कपलर काढले आणि क्रँक सेन्सरच्या दोन वायरी जेथे येतात त्या टोकांना मीटर लावला. आता मीटर केवळ सेन्सर मोजत नव्हता. सेन्सर, त्याचे कपलर आणि तेथून ईसीएमपर्यंतची सगळी वायर एका दमात मोजत होता. ५७० ओहमच्या आसपास भरले. थंड गाडीवर सगळे ठीक.

मग गाडी तापवायची कशी? माझा पुतण्या शेजारच्या केशकर्तनालयात गेला आणि केस वाळवण्याचा ड्रायर मागून घेऊन आला. चाचांनी प्रथम सेन्सरवर गरम हवा सोडली. पाच मिनिटांत तो हात लावू देईना इतका तापला, आणि मीटरवरचा आकडा ५७० वरून हळूहळू ६५० वर गेला. तांबे तापले की त्याचा रोध थोडा वाढतोच, त्यात काही वावगे नव्हते. नंतर त्यांनी सेन्सरवर ओले फडके गुंडाळले आणि ड्रायरचे तोंड चार बोटे मागे, सायलेन्सरच्या पाइपाच्या बाजूने वळून जाणाऱ्या वायरीकडे केले. दोन मिनिटे काही झाले नाही. त्यानंतर मीटर एकदा चमकला आणि त्यावर अनंत रोधाची खूण उमटली, म्हणजे वाट तुटली. चाचांनी ड्रायर बंद केला, वायर बोटाने किंचित पुढे ढकलली आणि आकडा परत आला.

जूनमध्ये आम्ही गुंडाळलेले फडके सेन्सरच्या मागे चार बोटे लोंबत होते. त्याने सेन्सर थंड केला आणि ही वायरही थंड केली. दोष या भागात आहे, एवढीच साक्ष फडक्याने दिली होती. तो सेन्सरात आहे, हे वाक्य आम्ही त्याच्या तोंडी घातले.

वायरीवरची काळी टेप चाचांनी ब्लेडने उघडली. दोन वायरींपैकी एकीचे आवरण कडक होऊन चुरमुऱ्यासारखे मोडत होते आणि आतली तांब्याची तार हिरवी पडून तुटलेली होती. थंड असताना तुटलेली टोके एकमेकांना टेकत आणि काम चाले. तापल्यावर आवरण ताणले गेले की ती केसभर दूर होत. इंजिन चालू असताना मात्र ती कधीच का सुटली नाहीत, हे मी विचारले. चाचांच्या मते चालत्या गाडीत वारा लागून तो कोपरा तेवढा तापत नसावा, आणि मला ते पटले, कारण वहीतल्या सगळ्या नोंदी उभ्या गाडीच्याच होत्या. वायर तेथे गेली कशी, याचेही उत्तर मिळाले. २०२१ मध्ये क्लच प्लेट बदलताना गिअरबॉक्स खाली उतरवला होता. वायर पाइपापासून दूर धरून ठेवणारी चिमटी त्यानंतर कोणी परत बसवली नाही आणि वायर टेपने जवळच्या नळीला बांधून दिली. ज्या गॅरेजात ते काम झाले, तेथे जाऊन भांडावे असे एकदा वाटले, पण दोन वर्षांपूर्वीची चिमटी सिद्ध कोण करणार?

दुरुस्तीला अर्धा तास लागला. खराब झालेला वीतभर भाग कापून तेवढ्याच जाडीची, उष्णता सोसणारी वायर चाचांनी जोडली. नुसता पीळ न देता डाग दिला आणि वर आकसणारी स्लीव्ह चढवली. दोन्ही वायरी आपसात उलटसुलट होऊ दिल्या नाहीत, कारण या सेन्सरचा संकेत उलटा गेला तर ईसीएमला गाळलेले दात नीट ओळखता येत नाहीत. वायरीभोवती जाळीचे संरक्षक आवरण होते, तेही पुन्हा जोडले. कॉईलच्या ठिणग्यांचा खरखराट सेन्सरच्या बारीक संकेतात मिसळू नये, यासाठी ते असते. शेवटी जुन्या गाड्यांच्या ढिगातून एक चिमटी शोधून वायर पाइपापासून दूर बांधली. सेल्फ मारून मीटरच्या एसी बाजूवर पाहिले तेव्हा ०.७ व्होल्टच्या आसपास संकेत येत होता. त्यांनी ३५० रुपये सांगितले. मी ५०० दिले, तर दीडशे परत केले.

माझ्या मनात एक गोष्ट मात्र खुपत होती. सेन्सर खरोखर निर्दोष होता, हे अजून सिद्ध झालेले नव्हते. म्हणून पुढच्या रविवारी मी घरी ठेवलेला जुना सेन्सर कागदातून काढला आणि पुतण्याच्या मदतीने नव्याच्या जागी बसवला. पत्नीने याला स्पष्ट शब्दांत वेडेपणा म्हटले. त्यानंतर दुपारच्या उन्हात गाडी तापवून, पंधरा-वीस मिनिटे उभी करून, अशा अकरा वेळा किल्ली फिरवली आणि अकराही वेळा ती पहिल्या हाताला चालू झाली. पोळ्याला, १४ सप्टेंबरला, आम्ही गावी गेलो ते जुन्याच सेन्सरवर, आणि येताना मानवतच्या त्याच रसवंतीवर थांबलो. हंगाम नसल्याने ती बंद होती, म्हणून नुसतेच वीस मिनिटे उभे राहिलो.

जुन्या पंपालाही मी बारा व्होल्ट देऊन पाहिले. तो उत्तम चालतो. नवा सेन्सर आता डिकीत जॅकशेजारी ठेवलेला आहे, आणि वहीच्या शेवटच्या पानावरची ती रेघ मी खोडली आहे.